भावाला आयजीए नेफ्रोपॅथी निघाली आहे. ‘जीन बंद करणाऱ्या इंजेक्शन’साठी थांबावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ २९ वर्षांचा आहे, बायोप्सीत आयजीए नेफ्रोपॅथी निघाली, चोवीस तासांच्या लघवीतून १.८ ग्रॅम प्रोटीन जातंय, डॉक्टरांनी गोळ्या आणि कमी डोसचं स्टिरॉइड सुचवलंय. आणि एका नातेवाइकांचं म्हणणं, ‘किडनीतला खराब जीन बंद करणारं इंजेक्शन येतंय, तोवर स्टिरॉइड नको, थांबा.’ हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. थांबू नका.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात जीवतंत्रज्ञान शिकवते, आणि नऊ वर्षांपूर्वी हाच आजार मला निघाला. सर्दी-घसा झाला की दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची, तिथून सुरुवात. त्यामुळे या इंजेक्शनांच्या बातम्या मी दोन्ही बाजूंनी वाचते, शिक्षिका म्हणून आणि पेशंट म्हणून.

आधी ‘खराब जीन’बद्दल. या आजारात एखादा जीन बिघडलाय आणि तो बंद केला की संपलं, असं नसतं. आयजीए हे आपल्या सगळ्यांच्या अंगात असलेलं प्रतिपिंड. काहींच्या शरीरात त्यावरची साखरेची साखळी अपुरी राहते, मग शरीर त्यालाच परकं समजून त्याच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडं बनवतं. दोघांचे गठ्ठे होतात आणि किडनीच्या बारीक गाळण्यांत जाऊन बसतात. १९६८ साली पॅरिसमध्ये बर्जर आणि हँग्लेस यांनी ते पहिल्यांदा ओळखले. गठ्ठे नुसते बसून राहिले असते तर कदाचित एवढं नुकसान झालं नसतं. पण ते रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या यंत्रणेला चेतवतात. ही तीसएक प्रथिनांची फौज. एक जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं, आणि शेवटी जंतूंवर चालायचा हल्ला आपल्याच गाळणीवर होतो. दाह, मग व्रण, मग क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची रक्तातली खूण) वाढणं.

आता गंमत बघा. या फौजेतली बरीचशी प्रथिनं किडनीत तयार होत नाहीत, यकृतात होतात. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. जीन बंद करणारी ही औषधं किडनीकडे जाण्यासाठी बनवलेलीच नाहीत. त्यांना साखरेचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो, तो फक्त यकृताच्या पेशींवरचं कुलूप उघडतो. पोटावर किंवा दंडावर कातडीखाली इंजेक्शन, औषध यकृतात, आणि तिथे विशिष्ट प्रथिनाचं उत्पादन खाली. घरात पाणी येतंय म्हणून फरशी पुसत बसण्याऐवजी गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवण्यासारखं.

‘जीन बंद’ म्हणजे जीन कापून टाकणंही नव्हे. वर्गात मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. मूळ नोंद म्हणजे डीएनए. पेशी त्याचा उतारा काढते, तो आरएनए, आणि त्या उताऱ्यावरून प्रथिन बनतं. हे औषध उतारा फाडतं, मूळ नोंदीला हात लावत नाही. म्हणूनच परिणाम कायमचा नसतो, इंजेक्शन परत परत घ्यावं लागतं. उतारा फाडण्याची ‘आरएनए इंटरफेरन्स’ ही पद्धत १९९८ मध्ये फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म कृमीत दाखवली, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि २०१८ मध्ये या तत्त्वावरचं पहिलं औषध मान्य झालं. यकृतातला जीन शांत करून किडनीला त्रास देणारा पदार्थ कमी करता येतो हेही सिद्ध झालंय, पण वेगळ्या आजारात. प्रायमरी हायपरॉक्सल्युरियात यकृत जास्त ऑक्सलेट बनवतं आणि किडन्या खड्यांनी भरतात. त्यासाठीच्या लुमासिरानला अमेरिकेत आणि युरोपात नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. तो आनुवंशिक आजार आहे, रोगप्रतिकाराशी त्याचा संबंध नाही. नातेवाइकांच्या ऐकण्यात दोन बातम्या एक झाल्या असाव्यात.

भावाच्या आजारात कुठवर आलंय? सेमडिसिरान हे कॉम्प्लिमेंटमधलं सी५ नावाचं प्रथिन रोखणारं औषध ३१ रुग्णांवर तपासलं गेलं. ३२ आठवड्यांनी लघवीतलं प्रोटीन प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच इंजेक्शनाच्या) तुलनेत साधारण ३७ टक्क्यांनी कमी झालं. दुसरं सेफॅक्सर्सेन, ते त्याच फौजेतलं फॅक्टर बी हे प्रथिन रोखतं, उतारा फाडण्याची त्याची पद्धत थोडी वेगळी (‘अँटिसेन्स’), दर चार आठवड्यांनी टोचायचं. पहिल्या १० रुग्णांत २९ आठवड्यांनी प्रोटीन सरासरी ४४ टक्के उतरलं. हे वाचून मलाही रात्री झोप लागली नव्हती. पण दहा माणसं म्हणजे दहाच, आणि त्यात तुलनेला प्लासिबोचा गट नव्हता. म्हणूनच त्याची मोठी, तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली.

एक गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते. हे औषध हल्ला रोखतं, गठ्ठे बनणं थांबवत नाही, कारण ती प्रतिपिंडं यकृतात बनत नाहीत. आणि व्रण पडलेली गाळणी कुठल्याच इंजेक्शनने परत येत नाही. वाट बघण्यात गेलेल्या वर्षाची किंमत त्या गाळण्यांनी मोजायची असते. शिवाय कॉम्प्लिमेंट दाबलं की मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकससारख्या जंतूंचा धोका वाढतो, म्हणून आधी लसी द्याव्या लागतात. आणि या इंजेक्शनाचा असर कित्येक आठवडे राहतो. गोळी उद्या बंद करता येते, टोचलेलं काढून घेता येत नाही.

स्टिरॉइडची भीती मात्र खोटी नाही. मी सहा महिने घेतलं, चेहरा सुजला, साखर वाढली. भारतातल्या रुग्णांचाही सहभाग असलेल्या ‘टेस्टिंग’ नावाच्या अभ्यासात २०१५ मध्ये मोठा डोस थांबवावा लागला, कारण गंभीर संसर्ग वाढले. पुढे डोस कमी करून, सोबत प्रतिबंधक अँटिबायोटिक देऊन तो अभ्यास पूर्ण झाला, आणि किडनी वाचण्याचा फायदा दिसला. भावाला कमी डोस सुचवलाय तो बहुधा याच कारणाने. संसर्ग टाळण्यासाठी सोबत काय द्यायचं, कोणत्या लसी आधी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बाकी आज हातात असलेलं कमी नाही. रक्तदाब आणि प्रोटीन दोन्ही उतरवणाऱ्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची, पण किडनीलाही जपणारी गोळी (याची जेनेरिक आता मिळते), आणि लोणचं-पापड-फरसाण बंद. आमच्या घरात हे शेवटचंच सगळ्यात अवघड गेलं. प्रोटीन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणायचं, हे सध्याच्या मार्गदर्शक सूचनांतलं लक्ष्य आहे. भाऊ १.८ वर आहे.

नव्या औषधाची आस सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेली नाही. भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक आहे, तिथे आजाराचं नाव टाकून बघता येतं. चाचणीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. बायोप्सीचा अहवाल आणि गेल्या दोन वर्षांची क्रिएटिनिन तारखांसकट एका वहीत लिहून ठेवा, चाचणीत घेताना हेच आधी विचारतात. आणि चोवीस तासांची लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकून मग मोजायला सुरुवात करायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. माझे पहिले दोन रिपोर्ट याच चुकीने वाया गेले होते.