आरशातला चेहरा खरा की फोटोतला?

प्रश्न : स्थळासाठी फोटो पाठवायचा आहे. आरशात मी बरी दिसते, पण मोबाईलच्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा वाकडा. लोकांना मी नेमकी कशी दिसते? – एक वाचिका, सांगली

उत्तर : नाकाचं आधी बघू, कारण तो नुसता अंतराचा हिशेब आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर नाक ३० वर आणि कान ४२ वर. कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. दीड मीटरवरून तेच आकडे १५० आणि १६२, म्हणजे फरक जेमतेम ८ टक्के. आरशासमोर अर्ध्या मीटरवर उभं राहिलं तरी प्रतिमा काचेमागे तितकीच आत असते, म्हणून आपण स्वतःला १ मीटरवरून पाहतो. सेल्फीइतक्या जवळून आपल्याला सहसा घरची लहान मुलंच बघतात!

वाकडेपणाचं कारण वेगळं. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. डाव्या नाकपुडीतली चमकी आरशात आपल्या डाव्या हाताला दिसते, फोटोत उजव्या हाताला. भांग, उंच भुवई, हसताना वर जाणारा ओठ, सगळ्यांच्या जागा बदलतात आणि वर्षानुवर्षं उलट्या प्रतिमेला सरावलेली नजर अडखळते. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी स्त्रियांना त्यांचेच सुलटे आणि उलटे फोटो दाखवले. त्यांचा स्वतःचा कल उलट्याकडे, म्हणजे आरशातल्या रूपाकडे होता. त्यांच्या जवळच्यांचा सुलट्याकडे. प्रत्येकाला सवयीचाच चेहरा आवडला. तेव्हा फोटो निवडायचं काम मैत्रिणीकडे द्या. इथे तिची नजर तुमच्यापेक्षा भरवशाची.

घरी पडताळायचं तर बिनचौकटीचे दोन सारखे आरसे उघड्या वहीसारखे काटकोनात उभे करा आणि बरोबर सांध्यात बघा. इथे चेहरा लोकांना दिसतो तसा, सुलटा दिसतो. भांग पाडून बघा, कंगवा भलतीकडेच जाईल. कोन थोडा चुकला तरी सांध्यावर नाक अरुंद होतं किंवा दोन दिसतात; पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपरा मागे लावून कोन बसवा. चौकटीचे आरसे घेतले तर मधली पट्टी नेमकी नाकावर येते.

फोटोसाठी मागचा कॅमेरा वापरा. फोन डोळ्यांच्या उंचीवर, दीड ते दोन मीटरवर टेकवा, १० सेकंदांचा टायमर लावा आणि चेहरा फ्रेमच्या मध्यावर ठेवा. जास्तीची जागा नंतर कापता येते. अल्ट्रावाइड लेन्स नको, तिच्यात कडेचा चेहरा ताणला जातो. ‘ब्यूटी’ फिल्टरही बंदच ठेवा. प्रत्यक्ष भेटीत तो सोबत येत नाही.

प्रश्न : रेकॉर्ड केलेला माझा आवाज मलाच परका आणि किनरा वाटतो. – एक शिक्षक, नांदेड

उत्तर : बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो आणि हाडांच्या वाटेने खालचे स्वर जास्त येतात. दोन्ही कान बोटांनी बंद करून ‘म्म्म’ म्हणा, तो घुमणारा भाग ऐकू येईल. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो. समोरच्यालाही तो कधीच ऐकू गेलेला नसतो, त्यामुळे त्याला तुमचा आवाज किनरा नव्हे, नेहमीचाच वाटतो. त्यात मोबाईलचा चिमुकला स्पीकर खालचे स्वर आणखी खातो, हेडफोनवर ऐका. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुस्स आवाज येतो. आठवडाभर रोज एक-दोन मिनिटं ऐकलंत की परकेपणा बराच ओसरेल.

प्रश्न : सभेत बोलताना एक नाव चुकलं. सगळ्यांच्या ते लक्षात राहिलं असेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा नाही. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी चित्र ओळखलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखलं सुमारे पाव जणांनी. पण नाव ज्यांचं चुकलं, त्यांच्या मात्र ते नक्की लक्षात असेल. त्यांना एक फोन करा.