मत आहे, हुकूम नाही

प्रश्न : फादर स्टॅन स्वामी यांची अटक मनमानी होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या एका गटाने म्हटल्याचे वाचनात आले. तरीही एल्गार परिषद प्रकरणातील इतर आरोपी त्यानंतरही खटला सुरू न होता तुरुंगात कसे राहिले? भारत असे निर्णय पाळण्यास बांधील नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ज्याचा उल्लेख केला आहे, तो न्यायालयाचा निर्णय नसून मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाचे मत आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या गटात पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात. देशातील सर्व न्यायालये पालथी घालून झाल्यावरच या, अशी त्यांची अट नसते. तक्रार आली की ते सरकारला उत्तरासाठी साठ दिवस देतात आणि मग मत नोंदवतात. स्टॅन स्वामींच्या बाबतीत हे मत नोव्हेंबर २०२१ मधले आहे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झालेल्या, कंपवाताने त्रस्त अशा या पाद्रींचा ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, कच्चा कैदी म्हणूनच, ८४व्या वर्षी मृत्यू झाला होता. ज्याच्या सुटकेसाठी दाद मागायची, तोच उरला नव्हता.

बंधनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराशी भारत १९७९ पासून बांधलेला आहे आणि खटल्याची वाट पाहणाऱ्यांना कोठडीत ठेवणे हा सर्वसाधारण नियम असू नये, असे त्याचा नववा अनुच्छेद सांगतो. मात्र त्याच अनुच्छेदावर भारताने आपले म्हणणे नोंदवून ठेवले असून, या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीकडे व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) स्वीकारलेलाच नाही. त्यामुळे ती समिती सरकारच्या अहवालावर प्रश्न विचारू शकते. तळोजा तुरुंगातल्या कैद्याचा अर्ज घेऊ शकत नाही.

खरी गाठ यूएपीएच्या, म्हणजे ज्याखाली हे आरोप आहेत त्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, कलम ४३डी(५) मध्ये आहे. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही, आणि ते खरे वाटतात की नाही हे मुख्यतः पोलिसांच्याच कागदांवरून ठरते. मुदतीत आरोपपत्र आले नाही तर आरोपी जामीन मागू शकतो, पण ही मुदतही १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. एल्गार प्रकरणातील आरोपी सुधा भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये जामीन मिळाला तो या मुदतीमुळेच : ती वाढवणाऱ्या न्यायाधीशांना तसा अधिकार नव्हता, असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात अन्य आठ आरोपींना मात्र नकार मिळाला, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. (स्वातंत्र्य अर्जाच्या तारखेवर ठरावे, हे मला आजही पटलेले नाही.)

यूएपीएच्याच दुसऱ्या एका, के. ए. नजीब प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटला रखडला असेल तर कलम ४३डी(५) घटनात्मक न्यायालयांना (उच्च व सर्वोच्च न्यायालयांना) जामीन देण्यापासून अडवू शकत नाही, असे म्हटले. तरीही एल्गार प्रकरणातील व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन मिळायला जुलै २०२३ उजाडले, म्हणजे अटकेला जवळपास पाच वर्षे झाली होती.

म्हणून कार्यगटाच्या मताकडे सुटकेचा आदेश म्हणून पाहू नये. वकील ते जामीन अर्जाला जोडू शकतात आणि इतर देश ते मानवी हक्क परिषदेतील आढाव्यात सरकारसमोर ठेवू शकतात, एवढाच त्याचा उपयोग आहे. तुरुंगाचे कुलूप उघडायचे, तर अर्ज इथल्याच न्यायालयात करावा लागतो.