पोटावर ठेवलेला हात

ठाणे, रविवार रात्र

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "सर, तिकडे रेअर केसेस बघायला मिळतील ना?" मी "भरपूर" म्हणालो आणि विषय संपवला. व्हॅस्क्युलरची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीची, सीट लागल्याच्या आनंदात होतीस, त्यात कशाला मिठाचा खडा टाकायचा! पण रात्री तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी झाली असतीस.

तुझ्या त्या रेअर केसेस गळ्यात पाटी अडकवून येत नाहीत. त्या मुतखडा म्हणून येतात, गॅस म्हणून येतात, कंबरेत उसण भरली म्हणून येतात. मी रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ सर्जन, होतो तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, चूक माझीच होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका रात्री अकराच्या सुमारास रिक्षाने आले. डाव्या कुशीत कळ, ती जांघेपर्यंत जायची, घाम फुटलेला, खिशात विड्यांचं बंडल. वरचं प्रेशर १००. मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तासाभराने त्यांना बरं वाटलं. केसपेपरवर 'मुतखड्याची कळ, सोनोग्राफी सकाळी' असं लिहून मी त्यांना घरी पाठवलं. पहाटे चारला मुलाने त्यांना उचलूनच आणलं. पोट ताठ, ओठ पांढरे. ऑपरेशन थिएटरच्या, ओटीच्या, लिफ्टपर्यंतसुद्धा आम्ही पोचलो नाही. महाधमनीचा, हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, फुगा फुटला होता, हे पोस्टमॉर्टेमला कळलं. मी त्यांच्या पोटाला हात लावला होता, ते अजून टोचतं. कुठे दुखतंय ते बघायला लावला होता, ठोका शोधायला नाही.

तेव्हा पहिलं सांगणं हे की हात लावायला शीक. तुला येतो असं तुला वाटतं, मलाही वाटायचं. पेशंटला गुडघे दुमडायला सांग, पोट सैल पडू दे. महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीला दोन फाटे फुटून पायांकडे जाते, म्हणून बेंबीच्या वर, किंचित डावीकडे शोधायचं. दोन्ही हातांची बोटं दोन बाजूंना ठेव आणि थांब. सडपातळ माणसात ठोका लागतोच, त्याला घाबरू नकोस. दर ठोक्याला दोन्हीकडची बोटं एकमेकांपासून लांब ढकलली जायला लागली, तर मात्र सावध हो. सुटलेल्या पोटात काहीच लागणार नाही, तिथे सोनोग्राफीचा प्रोब लाव, पण तेव्हाच्या तेव्हा लाव, सकाळी नाही. साठी उलटलेला, विडी-सिगारेट ओढणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा 'मुतखडा' घेऊन आला, की आधी महाधमनी बघायची आणि मग खडा.

आकडे तुला पाठ आहेत: पोटातली महाधमनी २ सेंटीमीटरच्या आसपास, ३ झाली की फुगा म्हणायचं, पुरुषांत साडेपाचला आणि बायकांत पाचला शस्त्रक्रियेचा विचार. त्याखाली नजर ठेवायची, विडी सोडवायची, प्रेशर ताब्यात ठेवायचं. यात पराक्रम काही नाही, पण निम्मी ओपीडी यातच जाते.

फुटलेला फुगा मुरबाड-शहापूरकडून निघाला आणि गाडी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, की तिकडचा डॉक्टर घाबरून सलाइनवर सलाइन चढवतो. तुला फोन आला तर त्याला शांतपणे सांग, पेशंट बोलतोय, ओळखतोय ना, मग वरचं प्रेशर ८० असलं तरी चालेल. पाठीमागच्या आवरणात साकळलेल्या रक्ताने भोक तात्पुरतं बुजवलेलं असतं. प्रेशर १३० वर नेलंस की ते बूच उडतं.

आता ओटीत. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, रिपोर्टवर सोडू नकोस, काळ्या पडद्यावर एकेक काप स्वतः सरकवत बघ. डावी रीनल व्हेन, डाव्या मूत्रपिंडाची शीर, महाधमनीच्या पुढून जाते, तीच फुग्याच्या मानेची, म्हणजे फुगा सुरू होण्याआधीच्या धड भागाची, खूण. पण काही माणसांत ती मागून जाते. ते आधी पाहिलं नसेल, तर क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावायला मागे बोट घालताना ती फाटते, आणि तिथलं रक्त थांबवणं म्हणजे विहिरीत पडलेली सुई शोधणं. दोन्ही मूत्रपिंडं खाली जोडलेली, घोड्याच्या नालासारखी, असा माणूसही कधीतरी भेटेल. फुग्याची भिंत पांढरीफटक, जाड, चकचकीत दिसली आणि ड्युओडेनम, जठराला लागून असलेलं आतडं, तिला चिकटलेलं असलं, तर ते सोडवायच्या फंदात पडू नकोस. तो दाहाचा फुगा, आतडं तिथेच राहू दे, वाट दुसरीकडून काढ.

क्लॅम्प लागल्यावर ओटीत एक शांतता येते, ती तुला आवडेल. फुगा उघडला की आतला जुना गठ्ठा ओल्या चिकणमातीसारखा थराथराने निघतो. मग मणक्याच्या बाजूने लंबर, म्हणजे कमरेच्या, धमन्यांची तोंडं उलटं रक्त टाकायला लागतात, एकेकीला आतून टाका घाल. मग फुग्याच्या जागी डेक्रॉन कापडाची चुण्यांची नळी. वरच्या जोडात मागच्या भिंतीचे टाके खोल घे, घसघशीत घे. पुढचा टाका चुकला तर डोळ्यांना दिसतो. मागचा चुकलेला क्लॅम्प सोडल्यावर कळतो, आणि तिथे परत पोचता येत नाही. माझे सर या टाक्यांच्या वेळी रेडिओ बंद करायला लावत, आणि मला तो जुनाट हट्ट वाटायचा. आता आमच्या ओटीत त्या वेळी सिस्टर न सांगता मोबाइलवरची गाणी बंद करतात.

क्लॅम्प मूत्रपिंडांच्या वर लावावा लागला तर घड्याळ मोठ्याने वाचायला एक माणूस ठेव, साधारण अर्ध्या तासात तो खाली आला पाहिजे. आणि सोडताना भुलेच्या मॅडमना दहा मिनिटं आधी सांग, पुन्हा पाच मिनिटं आधी सांग, मग एकेका पायाचं रक्त सावकाश सोड. इतका वेळ उपाशी राहिलेले पाय एकदम उघडले की प्रेशर धाडकन खाली येतं. शेवटी, सगळे दमलेले असतात तेव्हा, नळीवर फुग्याची उरलेली भिंत शिव, ड्युओडेनम आणि नळी यांच्यात काहीतरी पडदा राहील असं बघ, जमलं तर ओमेंटम, आतड्यांवरची चरबीची झालर, आण. हा कंटाळवाणा टाका दहा वर्षांनी उपयोगी पडतो. पोटात जुनी नळी असलेला माणूस रक्ताची उलटी किंवा काळी शी घेऊन आला, तर नळी आणि आतडं एकमेकांत उघडलंय असंच धरून चाल. पहिलं रक्त थोडं जातं आणि आपोआप थांबतं, एंडोस्कोपीत एखादा अल्सर दिसतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दुसऱ्या रक्तस्रावाला वेळ मिळत नाही.

छाती आणि पोट दोन्हींतून जाणाऱ्या मोठ्या फुग्यांत आणखी एक भीती असते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची. त्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बहुधा छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या मध्ये कुठेतरी निघते, आणि नळी बसवताना ती बंद होऊ शकते. जागा झाल्यावर पाय हलवणारा माणूस दुसऱ्या दिवशी हलवेनासा होतो. म्हणून रात्रीच्या राउंडला चार्ट बघायच्या आधी म्हणायचं, "काका, अंगठे हलवा." एक जरी ढिला पडला तरी प्रेशर वाढव, पाठीत घातलेल्या बारीक नळीतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढ, आणि मला नंतर फोन कर.

पोट न उघडता जांघेतून स्टेंटग्राफ्ट, म्हणजे कापड चढवलेली जाळीची नळी, घालायचं तंत्र तिकडे तुला रोज दिसेल. बुएनोस आयरेसमध्ये पारोदी यांनी १९९० साली पोटातल्या फुग्यावर ते केलं आणि आमचं अख्खं शास्त्र फिरलं. चांगलंच आहे, माझ्या वडिलांना लागलं असतं तर मी तेच निवडलं असतं. पण स्टेंटच्या भोवतीने रक्त फुग्यात झिरपू शकतं, म्हणून जन्मभर दरवर्षी तपासणीला यावं लागतं. मोखाड्याच्या आजोबांना विचार, तुम्ही दरवर्षी याल का? भाताची लावणी, एसटी, सोबतीला कोण? साठीचा, फुप्फुसं बरी असलेला माणूस असेल तर पोट उघडून एकदाच काय ते करणं जास्त शहाणपणाचं ठरतं. हे कॉन्फरन्समध्ये बोललीस तर लोक हसतील. हसू देत.

आणि एक, तरुण बायकांकडे बघ. विशी-तिशीतली मुलगी, डोकेदुखी, 'टेन्शनमुळे प्रेशर' असं लिहिलेल्या चार फाइली. मनगटाची नाडी शोध. एका हाताला नाही, दुसऱ्या हाताला मंद, तर चारही हातापायांचं प्रेशर घे. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना दाह होऊन त्या अरुंद होतात, त्या आजाराला ताकायासू हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते जपानी डॉक्टर डोळ्यांचे होते, १९०८ साली त्यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांत ते पाहिलं. आपल्याकडे हा आजार पुस्तकात वाटतो तितका विरळा नाही. यात सगळ्यात अवघड शस्त्रक्रिया म्हणजे थांबणं. दाह चालू असताना जोडलेली नळी बंद पडते किंवा जोडाशी नवा फुगा येतो. आधी औषधांनी आग विझू दे. लॉगबुकात एक आकडा वाढावा म्हणून घाई केलीस तर मला कळेल, आमच्या क्षेत्रात सगळं कळतं.

नातेवाइकांशी बोलताना 'अ‍ॅन्युरिझम' म्हणू नकोस. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसं म्हण, आपल्याकडे प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. मरणाची शक्यता आकड्यात सांग, आणि जो निर्णय घेणार आहे त्याच्याशी बोल, जो मोठ्याने बोलतोय त्याच्याशी नव्हे. कोणी नको म्हणालं तर चिडू नकोस. आइन्स्टाइन यांच्या पोटात हाच फुगा होता. १९४८ साली निसेन या सर्जननी तो सेलोफेनने गुंडाळला, कारण तेव्हा दुसरा खात्रीचा उपायच नव्हता. फुगा कापून त्या जागी दात्याची धमनी पॅरिसला द्यूबोस्ट यांनी बसवली, ती १९५१ साली. १९५५ मध्ये आइन्स्टाइन यांचा फुगा फुटला तेव्हा शस्त्रक्रिया उपलब्ध होती. त्यांनी नको म्हटलं. कळव्याच्या एका आजींनीही मला असंच, नातवाच्या मुंजीची तारीख सांगून, हसत नको म्हटलं होतं. मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा चहा मागवला.

तू निघण्याआधी मंगळवारी ओपीडीला ये. शहापूरचे बाबा फॉलोअपला येणार आहेत, गेल्या वेळी फुगा ४.६ सेंटीमीटर होता. नवा सीटी मी टेबलाच्या खणात ठेवीन. तू आधी पोटावर हात ठेव आणि किती आहे ते सांग. चुकशील. मीही अर्ध्या सेंटीमीटरने चुकतो, आणि बाबांना त्याची फार गंमत वाटते.

तुझा,
सर