मुलांना शरीराच्या गमती सांगताना

ताई, पहिल्याच रविवारी वीस गमती सांगायला जाऊ नका, तीन पुरेत. आणि आधी करून बघू द्या. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला पाठ लावून पेन्सिलची खूण करायची, रात्री झोपताना पुन्हा. रात्री उंची जवळपास सेंटिमीटरभर कमी भरते! दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात ना. मग हाडं: जन्मताना सुमारे ३००, मोठेपणी २०६. ‘बाकीची हरवली?’ असं कोणीतरी विचारतंच. हरवत नाहीत, जुळून एक होतात.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ऐकीव गोष्टी ठोकून देणं:

- मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो. साफ खोटं.
- गोड फक्त जिभेच्या टोकाला कळतं. साखर कडेला ठेवून बघा.

पेशी, डीएनए सध्या राहू द्या. आणि हो, मोजताना चपला काढायला लावा. मी विसरले होते, सगळे रात्री उंच भरले!