होस्टिंगसाठी व्हर्च्युअलायझेशन निवडताना

आपण नव्याने होस्टिंग सुरू करत असाल, तर एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे आभासी सर्व्हर चालवण्यासाठी (यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात) केव्हीएम या तंत्रावर आधारलेले प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन; केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचाच (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचाच) भाग आहे आणि त्यात प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र कर्नल मिळत असल्याने विंडोजसुद्धा चालवता येते. कंटेनर, म्हणजे एकाच ऑपरेटिंग सिस्टममधले वेगळे केलेले कप्पे, स्वस्त पडतात, पण त्यांत सर्वांचा कर्नल एकच असतो. व्हीएमवेअर या कंपनीचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरही उत्तमच, मात्र ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये ती कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

नवखे बहुधा येथे अडकतात:

- असलेल्या रॅमपेक्षा जास्त रॅम विकणे. सीपीयूत थोडी ओढाताण खपते, रॅममध्ये नाही.
- स्नॅपशॉटलाच (आभासी सर्व्हरच्या एका क्षणाच्या टिपलेल्या स्थितीलाच) बॅकअप समजणे. बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर ठेवावा आणि तो अधूनमधून रिस्टोअर करूनही पाहावा.

क्लस्टरचा (अनेक सर्व्हर जोडून एकत्र चालवण्याचा) विचार तूर्त करू नये.