व्हायोलिन बोलतंय ना, मग तू गप्प

अगं, तुझा रात्री दीडचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तू बसवतेयस तो व्हेर्दीचा ऑपेरा ‘ला त्राव्हियाता’ जुन्या काळातच ठेवू की आजच्या पॅरिसमध्ये आणू, नायिका व्हिओलेताच्या हातात मोबाईल देऊ का, तिचं टीबीने मरणं आता कुणाला पटेल का. सात मिनिटांत म्युझिकचं नाव एकदाही नाही! राग नाही आला, धस्स झालं, कारण तुझ्या वयात मीपण अशीच बोलायचे.

कपड्यांचं आधी उरकते. आजच्या काळात आणणं हे काही बंड नाहीये. व्हेर्दीला स्वतःलाच त्याच्या काळातले कपडे हवे होते, पण १८५३ मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात ते मान्य झालं नाही, गोष्ट १७०० च्या आसपास ढकलली. पहिला प्रयोग पडला, फियास्को झाला असं त्यानेच दुसऱ्या दिवशी पत्रात लिहिलं. पुढच्या वर्षी त्याच गावात दुसऱ्या थिएटरात तोच ऑपेरा डोक्यावर घेतला लोकांनी. मधे काय बदललं? गायक बदलले, काही जागी त्याने संगीत सुधारलं. काळ तोच, जुना! बस, यावर रात्री जागू नकोस.

जागायचंच तर तिसऱ्या अंकातल्या पत्रासाठी जाग. व्हिओलेता जेर्मोंचं, म्हणजे तिचा प्रियकर आल्फ्रेदोच्या वडिलांचं, पत्र वाचते, गात नाही, नुसतं बोलते, खालच्या आवाजात, आणि खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली आल्फ्रेदोची प्रेमाची धून येते. पत्रात लिहिलंय की आल्फ्रेदो येतोय, बरी हो. धून सांगते की हिने हे पत्र किती वेळा वाचलं असेल. मग ती म्हणते, उशीर झाला.

मी या जागी काय केलं माहितीये? मागच्या भिंतीवर ते पत्र प्रोजेक्ट केलं, भलंमोठं, शाईचे डाग वगैरे. तालमीनंतर व्हिओलेता गाणाऱ्या सोप्रानोने शांतपणे विचारलं, मग मी कशाला वाचू? मी तिला कन्सेप्ट समजावला, अर्धा तास! प्रीमियरला अख्खं हाऊस भिंत वाचत बसलं आणि ती बाई पलंगावर एकटी. एका पेपरात त्या भिंतीचं कौतुक आलं, ते कात्रण मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, लाज वाटते सांगायला. बजेट कमी होतं, दिवस कमी होते, हे सगळं खरं आहे, पण भिंत माझीच होती.

म्हणून परत सांगते, व्हायोलिन बोलत असेल तेव्हा तू गप्प बस. सुरुवातीच्या प्रील्यूडवर, म्हणजे गाणं सुरू होण्याआधीच्या वाद्यसंगीतावर, तुला हॉस्पिटलचा व्हिडिओ लावायचाय म्हणालीस. अगं, तिसऱ्या अंकातलं मरणाचं संगीत व्हेर्दीने तिथेच आधी वाजवून ठेवलंय, वरच्या पट्टीत, बारीक, श्वास अडकल्यासारखं! तो व्हिडिओ म्हणजे नांदी चालू असताना विंगेतून नाटकाचा शेवट ओरडून सांगण्यासारखं आहे. पडदा बंद ठेव.

आता तू दिग्दर्शक विली डेकरचा साल्झबर्ग फेस्टिव्हलमधला ‘त्राव्हियाता’ काढशील, २००५ चा, लाल ड्रेस आणि ते मोठं घड्याळ. तिथे प्रील्यूडलाच व्हिओलेता स्टेजवर असते, डॉक्टर मरणासारखा बसलेला असतो. हो, मान्य, आणि माझ्याही अंगावर काटा येतो. पण तिथे ती फक्त चालते, म्युझिकच्या पुढे पळत नाही. माझा नियम त्याने मोडला की पाळला यावर मी नवऱ्याशी अजून भांडते, आणि नाही, मी म्हातारी झाले म्हणून हे बोलत नाहीये.

रविवारी ये. स्वरलिपीचा स्कोअर आण, पेन्सिल आण, लॅपटॉप घरी ठेव. प्रत्येक पानावर लिहू, इथे कोण कुणाचं ऐकतंय. दुसऱ्या अंकात जेर्मों तिच्याकडून त्याग मागतो तो सीन आधी घेऊ, तिथे तू नक्की काहीतरी हलवायला जाशील.

आणि तो व्हिडिओ लगेच डिलीट नको करूस. मला एकदा बघायचाय.