एपीचं क्रेडिट मिळत नाही म्हणून कॉलेज सोडायचं का?

प्रश्न: मुलगी यंदा बारावीला आहे. गेल्या मे महिन्यात तिने एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच देता येणाऱ्या अमेरिकन कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दिल्या, ५ पैकी मार्क असतात, कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मेकॅनिक्सला ५ आले, केमिस्ट्रीला ४. अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळालीय. स्टेट युनिव्हर्सिटी तिन्हींचे क्रेडिट देते, म्हणजे ते कोर्स डिग्रीत झाले असं धरते. प्रायव्हेट कॉलेज म्हणतं क्रेडिट नाही, फक्त पुढच्या कोर्सला बसता येईल. तिचा जीव दुसऱ्यात अडकलाय, पण ह्यांचं म्हणणं की एवढी मेहनत पाण्यात का घालायची, लोन तर काढायचंच आहे. काय करावं?
– एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, मेहनत पाण्यात गेलेली नाही हे आधी ह्यांना सांगा. पुढच्या कोर्सला बसता येणं म्हणजे प्लेसमेंट, त्यात जे येतंय ते परत शिकावं लागत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी शिकता येतं. फक्त डिग्रीसाठी लागणारे क्रेडिट कमी होत नाहीत. आणि हे काही त्या एकाच कॉलेजचं नाही. ब्राऊन आणि कॅलटेक डिग्रीसाठी एपीचं क्रेडिट धरत नाहीत, डार्टमथने २०१८ साली पास होणाऱ्या बॅचपासून बंद केलं. तिथल्या सायकॉलॉजी विभागाने एपीत ५ मिळवलेल्या मुलांची स्वतःची परीक्षा घेतली तर बहुतेक नापास झाले होते. एमआयटी कॅल्क्युलस बीसीच्या ५ ला क्रेडिट देतं पण केमिस्ट्रीला नाही. उलट इलिनॉयमध्ये सरकारी युनिव्हर्सिट्यांना ३ किंवा त्याहून जास्त मार्कांना क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदाच आहे.

आता पैशाचं बघू, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. आपल्याकडे क्लासवाले एपीमुळे वर्ष वाचतं असं सांगतात आणि आईवडिलांना वाटतं की डिप्लोमावाल्यांना जसं डायरेक्ट सेकंड इयर मिळतं तसंच हे असणार. तसं नाहीये. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि बऱ्याच ठिकाणी फुलटाइमची फी ठरलेली असते, म्हणजे एखाद-दोन कोर्स कमी झाले तरी बिल तेवढंच येतं. अख्खं सेमिस्टर कमी झालं तरच पैसे वाचतात. आणि मेकॅनिकलला ते अवघड, कारण तिथे साखळी असते, स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स नाही, पुढचे काही कोर्स वर्षातून एकदाच असतात आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. केमिस्ट्रीचं क्रेडिट मिळालं तरी ही साखळी तेवढीच लांब राहते. कॅल्क्युलसचा मात्र उपयोग होऊ शकतो, साखळीची सुरुवातच तिथून होते.

म्हणून स्टेट युनिव्हर्सिटीला क्रेडिट किती देता एवढंच विचारून थांबू नका. डिपार्टमेंटच्या अ‍ॅडव्हायझरला मेल करा, तोही मुलीलाच करू दे, ती गेल्यावर हे सगळं तिलाच निस्तरायचंय: हे क्रेडिट मेजरच्या (मुख्य विषयाच्या) कोर्सऐवजी धरणार की इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) जाणार, आणि आठऐवजी सात सेमिस्टरमध्ये डिग्री होईल असा प्लॅन लिहून द्याल का? लेखी उत्तर होकारार्थी आलं तर एका सेमिस्टरची फी आणि राहणं-खाणं वजा करून दोन्हींचा हिशोब मांडा. नाही आलं तर क्रेडिटचा मुद्दा सोडून द्या आणि स्कॉलरशिप धरून चार वर्षांचा खर्च समोरासमोर ठेवा. स्कॉलरशिप चारही वर्षं मिळणार का, त्यासाठी ग्रेड किती लागते, हेही विचारा.

माझं स्पष्ट मत, फरक तुम्हाला झेपणारा असेल तर तिच्या आवडीचं घ्या. लोनचा हप्ता घराचा श्वास कोंडणार असेल तर स्टेट युनिव्हर्सिटी घ्या आणि तिला कारण मोकळेपणाने सांगा, बारावीची मुलगी आहे, आकडे समोर ठेवले तर समजून घेईल.

आणखी एक, यंदा ती अजून एपी देणार असेल तर तो निकाल जुलैत लागतो आणि सीट पक्की करायचं डिपॉझिट बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत भरायचं असतं, तेव्हा निर्णय हातातल्या तीन विषयांच्या मार्कांवरच घ्यायचाय. मेल याच आठवड्यात जाऊ द्या.